गाडीरस्ता त्यांचा, विहीर आमची, आणि मधला चर

ओढ्याकाठी

नमस्कार. बरीच वर्षे मी येथे केवळ वाचत आलो आहे. आज प्रथमच धागा काढतो आहे, कारण ही गोष्ट गावात कोणाजवळ बोललो तर त्याच संध्याकाळी पारावर दोन तट पडतील, आणि मला अजून तट नको आहेत.

माण तालुक्यात आमची ४ एकर १० गुंठे जमीन आहे. गावाकडून आमच्या रानात जायला नकाशावर रस्ता नाही. शेजारच्या तात्यांच्या रानातून, उत्तरेच्या बांधाला धरून, आठ फुटी गाडीरस्ता आहे आणि आजोबांच्या काळापासून आमच्या गाड्या त्यावरूनच चालल्या. आता दुसरी बाजू सांगतो. तात्यांच्या रानाला पाणी नाही. त्यांनी दोनदा विहीर खणून पाहिली आणि दोन्ही वेळा खाली काळा पाषाण लागला. आमच्या विहिरीला मात्र १९७२ च्या दुष्काळातही तळाशी पाणी राहिले होते. त्या वर्षी माझे वडील आणि तात्या एकाच कामावर खडी फोडायला जात आणि मिळालेली सुकडी एकाच फडक्यावर घेऊन खात. वडिलांनी तेव्हाच त्यांना सांगून टाकले की आठवड्यातले दोन दिवस विहीर तुमची. पुढे १९८६ मध्ये विहिरीवर वीज आणायची ठरली, तेव्हा आमच्या घरात पैसा नव्हता. खांबांचा खर्च तात्यांनी केला आणि जोडणी त्यांच्या नावावर झाली. एका मीटरवर दोन मोटारी बसल्या, बिल निम्मे-निम्मे ठरले, आणि त्यांच्या पाइपलाइनचे सिमेंटचे पाइप आमच्या रानातून तीनशे फूट गेले. म्हणजे रस्ता त्यांचा, विहीर आमची, वीज त्यांची. आणि बिलावरचे तात्यांचे नाव सोडले तर यातले काहीही कोठल्याच कागदावर नाही.

वडील गेले, त्यांच्यामागून तीन वर्षांपूर्वी तात्याही गेले. आता तिकडचा कारभार त्यांचे थोरले चिरंजीव पाहतात. ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत आणि लहानपणापासून मी त्यांना अण्णा म्हणतो. माझ्या लग्नात पंगतीला पाणी वाढणारे अण्णा, आणि माझ्या आईला दवाखान्यात न्यायला रात्री दोन वाजता जीप काढणारेही अण्णाच.

गेल्या महिन्यात डाळिंबाची तोड चार दिवसांवर आलेली असताना त्यांनी जेसीबी आणून गाडीरस्त्यावर आडवा चर खणला. तीन फूट रुंद, कमरेइतका खोल. मुरमात बकेटच्या दातांचे ओरखडे स्पष्ट दिसतात. निघालेली सगळी माती आमच्या बाजूला टाकली आहे. ती आमच्याच बाजूला का टाकली, हा प्रश्न मला चरापेक्षाही जास्त छळतो.

व्यापाऱ्याची पिकअप चराच्या पलीकडे थांबली आणि आम्ही ११० क्रेट डोक्यावरून वाहून नेले. दोन गडी जास्तीचे लागले, माल चढेपर्यंत ऊन झाले आणि व्यापाऱ्याने त्या उशिराचे निमित्त करून दर पाडला. संध्याकाळी मी अण्णांना विचारले, तर ते एवढेच म्हणाले, "रस्ता कुठे आहे? नकाशावर दाखव." आजवर ते माझ्याशी अशा आवाजात बोललेले नाहीत.

वकील म्हणतात, तहसीलदारांकडे अर्ज करा. आई म्हणते, आधी त्यांच्या घरी जा. जाणत्यांनी मार्ग सुचवावा.

पैलथडी

यात विचारण्यासारखे काय आहे? तुम्हीही एक जेसीबी आणा, चर बुजवा आणि त्यांची मोटार विहिरीतून उचलून बांधावर ठेवा. आठ दिवस पिकाला पाणी मिळाले नाही की नकाशा आपोआप सापडेल. गरीब स्वभावाच्या माणसाला शेजारी ओरबाडतच जातो, हे मी आमच्या गावात तीनदा पाहिले आहे.

निवृत्त मंडळाधिकारी

वरील सल्ला कृपया मनावर घेऊ नये. ज्या दिवशी तुम्ही मोटार उचलाल त्या दिवशी तक्रारदार ते होतील आणि तुम्ही सामनेवाले.

महसूल खात्यात माझी ३१ वर्षे गेली आणि रस्त्यांच्या वादात बांधावर उभे राहून मी इतके पंचनामे लिहिले की कोणता पंच कोणत्या वाक्याला खाली पाहणार हे मला आधीच कळू लागले होते. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतील.

चालू असलेला रस्ता कोणी अडवला, तर तो मोकळा करून मागण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जायचे असते, आणि तेही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नाही आणि बांधावरून नव्याने हवा आहे, अशी स्थिती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ लागते. पुष्कळ लोक, आणि खेदाने म्हणावे लागते की काही वकीलही, दोन्ही कलमे एकाच अर्जात लिहितात. त्याचा अर्थ असा होतो की रस्ता आहेही आणि नाहीही. तुमचे प्रकरण कलम ५ चे दिसते. सहा महिन्यांची तारीख आजच लिहून ठेवा. बोलणी चालू आहेत म्हणून ती मुदत थांबत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती अधिक अवघड आहे. वाद दिवाणी न्यायालयात गेला तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चे कलम १५ पुढे येईल. वीस वर्षे अखंडपणे, उघडपणे आणि हक्काने वापरलेली वाट त्याखाली तुमची ठरू शकते. त्यातला 'हक्काने' हा शब्द जपून वाचावा. शेजाऱ्याने भलेपणाने जाऊ दिले म्हणून जो गेला, त्याची वीस काय, पन्नास वर्षेही त्या हिशेबात धरली जात नाहीत. म्हणजे दावा जिंकायचा असेल, तर तात्यांनी आमच्यावर कधीही उपकार केले नाहीत, आम्ही आमच्या हक्काने जात होतो, असे तुम्हाला शपथेवर सांगावे लागेल. आणि समोरचे म्हणतील, आम्ही मेहेरबानीने जाऊ देत होतो, आता देत नाही. मी असे बरेच दावे पाहिले आहेत. त्यांत पहिला बळी जातो तो दोघांच्या वडिलांच्या चांगुलपणाचा.

एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. पन्नास वर्षांची वाट कोणी उगाच एका सकाळी खणत नाही. गेल्या वर्षभरात तुमच्या बाजूने काही बदलले होते का?

माहेरची ओसरी

मंडळाधिकारी साहेबांच्या शेवटच्या प्रश्नावर मी थांबले, कारण आमच्या घरात तो प्रश्न विचारायला कोणीच नव्हते.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात आहे. शेजारच्या वहिनींच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत. विरजण, साखर, पाहुणे आले की चादरी, बाळंतपणातला डिंक, सगळे त्या भिंतीवरून इकडून तिकडे जात असे आणि त्याचा हिशेब कधी कोणी ठेवला नाही. त्यांच्या यजमानांनी पतसंस्थेतून म्हशींसाठी कर्ज घेतले तेव्हा माझे यजमान जामीन राहिले. सही करायला जाताना ते मला म्हणाले होते, "नुसती सही आहे." जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे आम्हाला चार वर्षांनी सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला हातात पडला तेव्हा समजले. यजमानांच्या पगारातून कपात सुरू झाली.

पैशांचे दुःख होतेच, पण ते सोसवले. सोसवले नाही ते दुसरेच. हप्ते थकले आहेत हे वहिनींना दीड वर्षापासून ठाऊक होते आणि त्या दीड वर्षात त्या रोज माझ्या ओट्यावर बसून चहा घेत होत्या. "आमचे जमत नाही, तुमच्यावर येईल, सावध राहा," एवढे एक वाक्य त्या बोलल्या असत्या तर आम्ही काही विकून, काही उसने घेऊन दोघे मिळून मार्ग काढला असता. त्या बोलल्या नाहीत, कारण त्यांना लाज वाटली. लाजेने गप्प बसलेला माणूस आणि फसवायला गप्प बसलेला माणूस बाहेरून अगदी सारखाच दिसतो, हे मला फार उशिरा समजले. आज भिंत तीच आहे. तिच्यावर आम्ही दोन थर विटा चढवल्या.

धागाकर्त्यांनी आईचे ऐकावे, असे मला वाटते. मात्र जाताना हातात आरोप घेऊन जाऊ नये.

ओढ्याकाठी

मंडळाधिकारी साहेब, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस मी येथे आलोच नाही. उत्तर मला माहीत होते. पहिल्या वेळी लिहिताना ते मी गाळले होते.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज सुरू झाली. तोपर्यंत दर तिमाहीला बिल आले की मी अण्णांच्या ओसरीवर जात असे, निम्मे पैसे देत असे, चहा होत असे, आणि त्या अर्ध्या तासात पाण्याच्या पाळ्या, फुटलेला पाइप, कोणाची मोटार कधी जळाली, हे सगळे बोलून होत असे. बिल शून्य झाले आणि ते बसणेही बंद झाले. तेव्हा मला याचे काहीच वाटले नाही; उलट पैसे वाचले म्हणून बरेच वाटले.

त्यानंतर माझ्या मुलाने सौर कृषी पंपासाठी अर्ज भरला. रात्रीची वीज, बिबट्याची भीती, पहाटे तीनला दारे धरायला जाणे, या सगळ्याला तो कंटाळला होता, आणि त्यात चूक काही नाही. पाणी आहे पण पारंपरिक वीजजोडणी नाही, अशांसाठी ती योजना आहे. सातबाऱ्यावर विहीर एकट्या आमची आणि वीजजोडणी अण्णांच्या वडिलांच्या नावावर. त्यामुळे कागदावर आम्ही अगदी पात्र ठरलो. सामाईक विहीर असेल तर भागीदारांचे ना हरकत पत्र लागते, परंतु कागदावर भागीदारच नव्हता, म्हणून तेही कोणी मागितले नाही. अर्ज भरल्याचे मला ठाऊक होते. अण्णांना सांगायला हवे, हेही ठाऊक होते. मंजुरी आली की सांगू, असे म्हणून मी ते पुढे ढकलले.

जागेची पाहणी करायला माणसे आली त्या दिवशी मी फलटणला गेलो होतो. विहिरीवर दोन मोटारी पाहून त्यांनी विचारले की या कोणाच्या आहेत. मुलाने सांगितले, "शेजाऱ्यांच्या आहेत, ते काढून घेणार आहेत." त्या वेळी अण्णा विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, धावेवर, म्हणजे मोटेचे बैल चालायचे त्या उतारावर, उभे होते. जुनी मोटेची विहीर आहे; धावेच्या दगडावर सोंदराचे, म्हणजे मोटेच्या दोराचे, खोल घळ पडले आहेत आणि तेथे उभे राहिले की थारोळ्यावर, मोटेचे पाणी पडायचे त्या कुंडीपाशी, बोललेले सगळे ऐकू येते. मुलाला ते दिसले नाहीत, असे तो म्हणतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, पण त्याने फरक पडत नाही. दिसले असते तर तो तेच वाक्य जरा हळू बोलला असता, इतकेच.

या गोष्टीला बारा दिवस झाले आणि मग चर खणला गेला. त्या बारा दिवसांत अण्णा मला दोनदा भेटले आणि काहीच बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

शहरातला नातू

मुलाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे, म्हणून लिहितो. आमच्या पिढीच्या हातात जे येते ते कागदावरचे येते. कर्ज, अनुदान, पीकविमा, जमिनीची वाटणी, प्रत्येक ठिकाणी सातबारा मागतात. आजोबांनी कोणाला काय शब्द दिला होता, ते कोठेही भरायची सोय नसते. अर्जात 'विहिरीची मालकी' असा रकाना असेल तर मुलगा त्यात काय लिहिणार? तुम्ही आणि तुमच्या वडिलांनी ५० वर्षे सगळे तोंडी ठेवले आणि त्याला कधी बांधावर नेऊन 'हे दोन दिवस त्यांचे' असे सांगितले नाही. त्याचे बोलणे वाईट होते, हे मान्य. पण त्याच्या दृष्टीने ती गोष्ट खोटीही नव्हती, आणि त्याचा दोष एकट्या त्याचा नाही.

पांझराकाठ

शहरातल्या नातवांनी म्हटलेले मला पटते, मात्र तोंडी व्यवहार म्हणजे कच्चा व्यवहार, हे पटत नाही. मी साक्री तालुक्यातला आहे. पांझरा आणि मोसम या नद्यांवरची फड पद्धत काही शतके चालली. बंधाऱ्यातून पाट निघे, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे गट, पाडलेले असत, कोणत्या फडात कोणते पीक हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाणी सोडायला पाटकरी नेमलेला असे. शेतकऱ्याने स्वतः बारे, म्हणजे शेतात पाणी घेण्याचे तोंड, फोडायचे नाही, असा दंडक होता. पाणी कमी पडले तर फड कमी करायचे, म्हणजे झळ सर्वांना सारखी बसे. त्यातही कागद थोडाच होता. तेथे विश्वास दोन माणसांच्या स्वभावावर टांगलेला नव्हता. मध्ये पाटकरी होता, ठरलेल्या बैठका होत्या, आणि पाळी चुकली तर विचारणारे चारजण होते.

तुमच्याकडे पाटकरी नव्हता, पण वीजबिल होते. दर तीन महिन्यांनी ते तुम्हा दोघांना एका ओसरीवर बसवत होते. तुमच्या लिहिण्यातले मला सर्वांत मोलाचे वाटले ते हेच वाक्य. इर्जिक, सावड, पैरा, वारंगुळा, या एकमेकांच्या शेतात बैल आणि श्रम देण्याच्या रीतींचेही तसेच होते. लोक आता त्यांना नुसता जुना जिव्हाळा समजतात. काळ्या जमिनीत सहा बैलांचा नांगर लागे आणि घरी बैल दोनच असत, म्हणून वारंगुळ्याशिवाय गत्यंतर नव्हते. पैरा फेडला नाही तर पुढच्या पेरणीला कोणी येत नसे. ट्रॅक्टर आला आणि एकमेकांवाचून अडणे थांबले. अडत नाही म्हटल्यावर कोण कोणाला विचारतो?

गडग्यापलीकडे

आमच्या कोकणात थोडे वेगळे घडते. आमची भातखाचरे मेरेला मेर लागून आहेत आणि पलीकडच्या घरांना जायची पायवाट आमच्या परसातून होती. वाट देणारा आणि वाट घेणारा दोघेही गावातच राहत होते तोवर प्रश्न आला नाही. पुढे पलीकडची जागा मुंबईच्या एका गृहस्थांना विकली गेली. पूर्वी त्या वाटेवरून लाकडाचा भारा यायचा, आता चारचाकी येऊ लागली. माझ्या चुलत्यांनी एके रात्री चिऱ्यांचा गडगा घातला. गावाने चुलत्यांना दोष दिला. माझे मत असे की त्यांनी माणसाला जायला वाट दिली होती, मोटारीला दिली नव्हती, आणि हा भेद करायला त्यांना कोणी संधीच दिली नाही. दिलेल्या गोष्टीचा आकार न विचारता वाढवला की देणाऱ्याला ती काढून घेतल्यासारखी वाटते.

तुमच्या प्रकरणात रस्त्याचा आकार वाढलेला नाही, विहिरीचा आकसला. मला ते त्याच जातीचे वाटते.

पैलथडी

मोटार उचला असे मी लिहिले होते, ते मागे घेतो. तरीही कमरेइतका चर खणणे मला मान्य नाही. राग आला तर दारात येऊन भांडायचे. डाळिंबाच्या तोडीवर घाव घालायचा नाही.

सातारकर

सरकारची सलोखा योजना आहे ना? २०२३ मध्ये आली. नाममात्र शुल्कात शेजाऱ्यांचे वाद मिटवता येतात.

निवृत्त मंडळाधिकारी

सलोखा योजना येथे लागू होणार नाही. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा अदलाबदल ताबा किमान बारा वर्षे असेल, तर एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून ती अदलाबदल कायम करण्यासाठी ती आहे. येथे जमिनींचे ताबे ज्याचे त्याच्याकडेच आहेत.

धागाकर्त्यांनी मन मोकळे करून लिहिले, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. तुमचे चिरंजीव 'ते काढून घेणार आहेत' असे म्हणाले, पण कायद्याच्या नजरेनेही ते वाटते तितके सोपे नाही. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६० प्रमाणे परवानगी देणारा ती परत घेऊ शकतो. परंतु त्या परवानगीवर विसंबून समोरच्याने कायम स्वरूपाचे काम केले असेल आणि त्यासाठी खर्च केला असेल, तर ती सहजासहजी परत घेता येत नाही. तात्यांनी खांब आणले, आणि तुमच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत तुमच्याच रानातून तीनशे फूट सिमेंटचे पाइप गाडले. अण्णांच्या वकिलाला हे कलम ठाऊक असेल, तर त्यांची बाजू पाण्याबाबत तुमच्या समजुतीपेक्षा बरीच भक्कम आहे. रस्त्याबाबत तुमची बाजू तितकी भक्कम नाही, कारण आठ फुटी मातीच्या वाटेवर तुम्ही खर्च काहीच केलेला नाही. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. बोलायला बसताना आपणच उदार होतो आहोत असा समज घेऊन बसू नये, एवढ्यासाठी लिहितो.

बोलणे जमले, तर दुय्यम निबंधकांकडे एकच नोंदणीकृत दस्त करावा. त्यात दोन्ही हक्क समोरासमोर लिहावेत: अमुक गटातील विहिरीचे आठवड्यातील दोन दिवसांचे पाणी व पाइपलाइन, आणि अमुक गटाच्या उत्तर बांधालगत आठ फूट रुंदीचा जाण्यायेण्याचा हक्क. त्यावरून फेरफार होऊन दोन्ही सातबाऱ्यांच्या 'इतर हक्क' सदरी नोंद घेता येते. दस्तात वडिलांचा आणि तात्यांचा उल्लेख करायला हरकत नाही. उपकार होते असे लिहिले तरी तेथे बिघडत नाही, कारण पुढचा हक्क त्या उपकारातून सिद्ध करायचा नसतो. तो नव्याने, एकमेकांना दिलेला असतो. दाव्यात जे नाकारावे लागते ते दस्तात मान्य करता येते, हा त्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ.

आणि सौर पंपाचा अर्ज आधी मागे घ्या. तो तसाच ठेवून ओसरीवर जाल, तर चहा मिळेल, पण त्यापुढे काही मिळणार नाही.

ओढ्याकाठी

गेल्या रविवारी गेलो होतो. जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

अर्ज शुक्रवारीच मागे घेतला होता. मुलगा प्रथम चिडला, आणि सौर पंप हवाच असेल तर आपली वेगळी विहीर खण, असे मी त्याला म्हणालो. ते मी रागाच्या भरात बोललो. शहरातल्या नातवांचे म्हणणे मला नंतर आठवले. मग मी त्याला विहिरीवर नेले आणि दोन दिवस म्हणजे कोणते दोन, पाइप कोठून गेला आहे, खांब कोणी आणले, हे सगळे पहिल्यांदा दाखवले. तो २६ वर्षांचा आहे. हे दाखवायला मला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

माळ्यावर वडिलांची रोजमेळाची वही सापडली. १९८७ पासून पुढच्या नोंदी आहेत: 'बिल निम्मे, तात्यास पोच', आणि त्यापुढे तात्यांची आडवी सही. वकिलांनी पुरावा म्हणून ती आपल्याकडे द्यायला सांगितली होती. मी ती सोबत घेऊन गेलो आणि अण्णांच्या समोर ठेवली. त्यांनी पाने उलटली नाहीत. आपल्या वडिलांच्या सहीवर अंगठा ठेवून ते बराच वेळ बसले.

मग म्हणाले, "पोराने बोलण्याचे मला काही नाही. पोर आहे. तू फलटणहून संध्याकाळी आलास, तुला कळले, आणि तू आला नाहीस. मी बारा दिवस वाट पाहिली." माझ्याकडे त्यावर बोलायला काही नव्हते आणि मी काही बोललोही नाही. आई मागे बसली होती. तिने फक्त विचारले, "आणि डाळिंबाच्या वेळेलाच का रे?" त्यावर अण्णांनी मान खाली घातली. तोड चार दिवसांवर आहे हे त्यांना ठाऊक होते. ते त्यांनी नाकारले नाही.

मातीबद्दलही विचारले. ती आमच्या बाजूला का टाकली, हे मला महिनाभर झोपू देत नव्हते. ते म्हणाले की त्यांच्या अंगाला कांद्याची रोपे लावलेली होती आणि जेसीबीवाल्याला दुसरीकडे माती टाकायला जागाच नव्हती. त्यात माझ्यासाठी काहीच नव्हते.

सगळे मिटले असे म्हणता येणार नाही. चर अजून आहे. त्यात त्यांनी जुन्या लाइनचे दोन सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम ओढून दिला आहे. दुचाकी जाते, बैलगाडी रिकामी जाते, भरलेली पिकअप मी अजून घालून पाहिलेली नाही. दस्ताला ते तयार आहेत, परंतु आधी विहिरीचे कलम लिहायचे आणि मग रस्त्याचे, असा त्यांचा आग्रह आहे, आणि धाकट्या भावाची संमती त्यांना अजून घ्यायची आहे. मोफत विजेमुळे बिल येत नसले तरी दर तीन महिन्यांनी बसायचे, असे माझ्या तोंडून निघून गेले. त्यावर ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

निघताना मी त्यांना सांगितले की तहसीलदारांकडचा अर्ज मी लिहून तयार ठेवला आहे, आणि दस्त झाला नाही तर मुदत संपण्यापूर्वी तो मला द्यावा लागेल. हे लपवून पुन्हा तेच करण्याची माझी इच्छा नव्हती. त्यांनी तारीख विचारली. मी सांगितली. ते उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने उलटून तो महिना काढला आणि त्या तारखेभोवती पेनाने गोल केला.